बाहेरून बासष्ट, आतून चोपन्न

“मुलीच्या हातात टेपचं टोक दिल्यावर आणखी काय होणार?”

साहेब हे आतल्या खोलीत आपल्या कारकुनाला म्हणाले. मी व्हरांड्यातच उभी होते... तेच टोक हातात धरून.

आधीच सांगते – असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये मुली भुताच्या गोष्टी सांगू लागल्या की मी भूगोलाचं पुस्तक उघडायची. आजही हे लिहिताना भीती वाटत नाही. राग येतो.

पोलीस ॲक्शननंतरचा पहिला हिवाळा. गावातल्या जुन्या कोठीच्या मागे लाल विटांचं एक इंग्रजी घर होतं, राणीच्या काळात एका गोऱ्या डॉक्टरनं बांधलेलं. गिलावा नाही, एक वीट लांब, एक आखूड, अशा सरळ रांगा. खाली शेजारी शेजारी दोन खोल्या. दोन टोकांच्या भिंतींत दोन फायरप्लेस. छपरावर धुराडी मात्र तीन! मधल्याच्या खाली काहीच नाही, नुसती दोन खोल्यांमधली भिंत.

तिथे सरकारी ऑफिस येणार होतं, म्हणून मोजणी. बाबा ओव्हरसियर, त्यांची सगळी नोकरी उर्दूत झालेली. मुंबईकडून आलेल्या नव्या साहेबांना कागद इंग्रजीत हवे होते, म्हणून वही मी लिहायची. बाबांना नोकरीत ठेवायचं की नाही, ते याच साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

बाहेरून लांबी बासष्ट फूट. आतून चोवीस-चोवीसच्या दोन खोल्या, दोन-दोन फुटांच्या तीन भिंती – चोपन्न. आठ फूट गेले कुठे? आम्ही तीनदा मोजलं. मग मी टेप ठेवून बाहेरच्या विटा मोजल्या. बासष्टच.

“निजामाच्या वेळची माणसं तुम्ही,” साहेब बाबांना म्हणाले. “अंदाजानं लिहायची सवय. मध्ये पोकळी असेल, फोडून बघा.”

रहीम मिस्त्रींनी मधल्या भिंतीला भोक पाडलं. दोन फुटांवर सळई पलीकडच्या खोलीत निघाली.

“बेटी, बीच में कुछ बी नै है,” ते मला म्हणाले. साहेबांशी बोललेच नाहीत.

मग ते छपरावर चढले आणि मधल्या धुराड्यातून ओळंबा सोडला. भिंत भरीव, तरी दोरी जात राहिली... जात राहिली... पार जमिनीच्या पातळीपर्यंत. वर ओढलेला ओळंबा त्यांनी खाली आणून माझ्या तळहातावर ठेवला. काजळीनं काळा झालेला, आणि गरम. चहाच्या कपासारखा. वर्षभर बंद असलेलं घर ते!

साहेबांनीही हात लावला. पटकन काढला. रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाले, “उन्हानं तापला असेल. बाहेरची लांबी चोपन्न लिहा. मोजणीत चूक झाली होती म्हणून खाली सही करा.”

डिसेंबरातली सकाळ होती. छपरावर अजून चिंचेची सावली होती.

बाबांनी पेनचं टोपण काढलं. तीस वर्षांत त्यांच्या वहीत एक खाडाखोड नव्हती, आणि साहेबांना आपली बोटं पुसून ही चूक खुशाल त्यांच्या नावावर टाकायची होती! बाबा माझ्याकडे बघत नव्हते. तेच मला सहन झालं नाही.

त्या आठ फुटांचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. बाबा नोकरीत राहिले. नकाशावर दोन्ही आकडे आहेत, आणि दोन्हींखाली सही साहेबांची आहे. पण ते नंतरचं. त्या सकाळपर्यंत परक्या माणसासमोर मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. मी टेप उचलला, साहेबांपुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

“या वेळी टोक तुम्ही धरा.”