क्लचवाली मावशी

पालघर जिल्ह्यात क्लच या विषयावर बोलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे आणि ती म्हणजे माझ्या बायकोची मावशी. बाकीचे सगळे, म्हणजे गाड्या बनवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे आणि माझ्यासारखे नुसतेच चालवणारे, तिच्या मते क्लच तुडवतात. दाबतो कोणीच नाही. तोंडावर मी तिला अहो-जाहो करतो, पण मनात ती केव्हाच 'ती' होऊन बसली आहे, कारण ज्या बाईने आपल्याला भर रस्त्यात कान धरून रिव्हर्स गिअर शिकवला तिला मनातल्या मनात मान देत बसणं जमत नाही. तारापूरच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला तिची चिकूची वाडी आहे. वाडीत घर, विहीर आणि पत्र्याच्या मांडवाखाली एक म्हातारी जीप, चारही चाकांना जोर लावणारी. ती तिच्या यजमानांनी कुठल्याशा लिलावात घेतली होती. मनोरच्या पलीकडे डोंगरात त्यांनी आंब्याची थोडी कलमं लावली होती आणि तिथे जायची वाट म्हणजे निव्वळ दगडधोंडे, मधे एक ओढा, पुढे उभा चढ. दुसरी गाडी तिथे जातच नव्हती. यजमानांना जीप घेता आली, पण चालवता कधी धड आली नाही. ओढ्यात उतरलं की त्यांचा गिअर अडकायचा आणि शेजारी बसलेली मावशी "अजून दाबा, अजून दाबा" करायची. शेवटी एकदा ते ओढ्याच्या मधोमध पाण्यात उतरले आणि "तूच दाब" म्हणून काठावर जाऊन बसले. त्या दिवसापासून जीप मावशीची. यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कलमं अजून आहेत आणि दर रविवारी त्यांना भेटून आल्याशिवाय मावशीला जेवण जात नाही.

माझी आणि तिची ओळख झाली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. मित्राची गाडी मागून घेतली होती, शर्टाला इस्त्री होती, पगाराचा आकडा तोंडपाठ होता. मुलीचे आईवडील ओटीवर येऊन उभे राहिले तरी मावशी काही पुढे येईना. ती पडवीत डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, जप करत असेल. चहापोहे झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "गाडी जरा मागं घ्या बगू," म्हणाली. मी घेतली. पुढं घ्या म्हणाली, तशीही घेतली. डावा पाय उचला म्हणाली, तोही उचलला. मग आत जाऊन तिने जो निकाल दिला तो माझ्या बायकोने लग्नानंतर मला सांगितला. "पोरगा क्लचवर पाय ठेवून बसतो. पन सांगितलं तर उचलतो. करून टाका." माझं शिक्षण, नोकरी, गोत्र यांतल्या कशाचीही त्या घरात पुढे चौकशी झाली नाही.

मावशीचं क्लचचं तत्त्वज्ञान साधं आहे. "इंजिन आनि गिअर म्हंजे जावाजावा," ती सांगते. "दोघी मिळून काम करतात तवर घर चालतं. पन काम बदलायचं झालं का आदी दोघींना घटकाभर बाजूला करायला लागतं. तसंच रेटलं का भांडी आपटतात." हे ती नुसतं गाडीबद्दल म्हणत नाही. माझ्या अपचनाचं कारण, मी ऑफिस आणि जेवण यांच्यामध्ये क्लच दाबत नाही, हे आहे. कोळगावच्या माझ्या कचेरीतून थेट ताटावर येऊन बसतो, म्हणून पोटात करकर होते. शेजारच्या सूनबाईंचं सासरी पटेना तेव्हाही मावशीने दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि क्लचची प्लेट चांगली आहे, फक्त अंतर बसवायला पाहिजे, असं सांगून त्या जोडप्याला बोईसरला वेगळी खोली घ्यायला लावली. आता तिथे सगळं गुण्यागोविंदाने चाललं आहे, हे कबूल करावंच लागतं.

तिची तपासणी हा एक सोहळा असतो. आधी सगळ्यांनी गप्प बसायचं. मग मावशी डावी चप्पल काढते, ती बाजूला नीट ठेवते, पदर खोचते आणि अनवाणी तळवा पेडलवर टेकवते. "चपलेतनं काय कळणार? डाक्टर हातमोजा घालून नाडी बगतो काय?" हा तिचा सवाल. इंजिन चालू, पेडल तळापर्यंत, क्षणभर थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. करकरला तर क्लच पुरता सुटत नाही. नाही करकरला तर हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकायचा आणि पेडल हळूहळू सोडायचं. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर प्लेट धडधाकट आहे, आणि फिरत राहिलं तर प्लेट झिजली. पेडल दाबल्यावरच खरखर येत असेल तर बेअरिंग. मांडवात सत्यनारायण होता तेव्हा आरती ऐन रंगात आली असताना रस्त्यावरून नवापूरचा मासळीचा टेम्पो करकरत गेला. मावशीने हातातले टाळ माझ्या हातात दिले आणि ती जी गेली ती प्रसाद वाटून झाला तरी परत येईना. आली तेव्हा तिच्या हाताला ग्रीस होतं आणि पिशवीत बर्फातली दोन पापलेटं होती. भटजींनी पिशवीकडे पाहून मान फिरवली. "देव काय पळून जात नाय," मावशी म्हणाली, "टेम्पो गेला असता." पापलेटं अर्थात दुसऱ्या दिवशी खाल्ली, तेवढा धर्म ती पाळते.

तिच्या नाकाबद्दल तर बोलायलाच नको. बोईसरच्या कारखान्यांच्या रस्त्याने जाताना इतके वास एकमेकांत मिसळलेले असतात की आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून बसतो. तिथे एकदा मावशीने "थांबवा" म्हणून मला गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरून मागून येणाऱ्या ट्रकला हात केला आणि ड्रायव्हरला सांगितलं की तुझी प्लेट जळतेय. तो बिचारा बिहारचा, त्याला वाटलं गाडीलाच आग लागली. त्याने आधी स्वतःची पिशवी बाहेर फेकली आणि मग उडी मारली. मावशीने त्याला तिथेच झाडाखाली बसवून, तो पाय सतत क्लचवर ठेवून चालवतो हे तिच्या खास हिंदीत पटवून दिलं. "पैर उधर नाय रखने का. पैर का घर अलग हाय." पुढे कधीही तो ट्रक दिसला की ड्रायव्हर आम्हाला बघून डावा पाय उचलून दाखवायचा.

अशा मावशीची स्वतःची जीप गेल्या थंडीत कुरकुरायला लागली. आधी फक्त रिव्हर्स करकरायचा, मग पहिला, मग दुसराही. मावशीला आनंदच झाला असावा, कारण इतक्या वर्षांत घरचा रुग्ण तिला पहिल्यांदाच मिळाला. तिने ऑइल बदललं, पेडलची ढील कमी केली, तरी गिअर पडेना. मग जीप बोईसरच्या तिच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेली. हा मिस्त्री जौनपूरकडचा, मावशीला 'मौसी' म्हणणारा आणि तिच्यासमोर पाना उजव्या हातात धरायचा की डाव्या, एवढंही विचारून घेणारा. त्याने गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "मौसी, गिअर तो मक्खन है." मावशी बसली, तिने दाबलं आणि गिअर ओरडला. मिस्त्री बसला, गिअर गप्प. मावशी बसली, पुन्हा आरडाओरडा. "तुला बगून लाजतो तो," मावशी म्हणाली आणि तिने प्लेट बदलायला लावली. मग प्रेशर प्लेट. मग बेअरिंग. नवीन क्लचवरही तिचा गिअर पडेना तेव्हा तिने गिअरबॉक्स खोलायला लावला, आणि बिचाऱ्या मिस्त्रीने तो खोलून, काही न सापडून, पुन्हा बंद केला. तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं बंद होतं.

मी चालवून पाहिली. मला काहीच त्रास झाला नाही, आणि मी तसं म्हणालो ही माझी चूक. "तुमच्या पायाला कुटं कळतंय," मावशी म्हणाली. "पेडल बोलायचं बंद झालंय. आदी मला तिथपर्यंत कळायचं, प्लेट कुटं सुटते ते. आता काय नाय. दगडावर पाय ठेवल्यागत." हे सांगताना तिचा आवाज उतरला होता, आणि मला खरं तर तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मावशीला क्लचबद्दल उलटा प्रश्न विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

मग एका दुपारी ती जीप घेऊन आमच्याकडे कोळगावला आली. कोपऱ्यावरून वळतानाच आम्ही ओळखलं, इतका आवाज होता. उतरली ती मात्र विजयी मुद्रेने. "सापडलं," म्हणाली. "ऑइल गळतंय. या, बगा." पेडलखालच्या रबरावर खरंच ओलं होतं, तांबूस, बोटाला चिकट लागणारं. तिने ते बोटांत चोळून, हुंगून पाहिलं होतं. माझी बायको वाकली, तिने रबराकडे पाहिलं, मग मावशीच्या अनवाणी पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, पाय वर कर." तळव्यात बोरीचा काटा मोडला होता, चांगला आतपर्यंत गेलेला. वाडीतून निघतानाच रुतला असणार. तारापूरपासून कोळगावपर्यंत ती त्या पायाने क्लच दाबत आली होती आणि तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी काटा काढला, मग साखर तपासली आणि तोंड गंभीर केलं. साखर बरेच दिवस वाढलेली असणार, त्यामुळे तळव्याची संवेदना गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. मावशीचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "मी पायाला बारीक टोचते, कळलं की सांगा." मावशी डोळे मिटून बसली, अगदी गाडी तपासताना बसते तशी. आम्ही सगळे गप्प. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "टोचा ना आता." बाईंचं चार ठिकाणी टोचून झालं होतं. माझ्या बायकोने तोंड भिंतीकडे वळवलं. मावशीने डोळे उघडले, आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि तिला निदान सांगावं लागलं नाही. पेडल पुरतं खाली जातच नव्हतं. तिच्या हिशेबी ते तळाला टेकायचं तेव्हा ते अर्ध्यावर असायचं.

"म्हंजे क्लच चांगला व्हता," ती म्हणाली. दवाखान्यातून निघाल्यावर तिने घरी न जाता रिक्षा बोईसरला नेली. मिस्त्री कामात होता. त्याला बाहेर बोलावून सगळ्या गॅरेजसमोर तिने सांगितलं, "गाडीत काय खोट नाय. तू बरोबर व्हतास. खोट माज्या पायात हाय." मिस्त्रीला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. तो हातातला पाना पुसत राहिला आणि म्हणाला, "नहीं मौसी, मैं एक बार फिर से देख लेता हूँ." त्याने खरंच जीप आणून पुन्हा पाहिली, आणि मावशीनेही त्याला पाहू दिली.

गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जीप विकायचा विषय एकदा निघाला, तेव्हा मावशी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तो विषय तिथेच संपला. कलमांकडे जायचं कसं, हा प्रश्न मात्र होता. माझी छोटी गाडी त्या ओढ्यात तोंड घालायलाही तयार नाही. शेवटी रविवारी मी जीप चालवायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मावशीने ठरवलं. पहिल्याच दिवशी ती डाव्या सीटवर बसली आणि तिने गिअरच्या दांड्यावर उजवा हात ठेवला. "तुमी फक्त दाबा," म्हणाली. अशी आमची गाडी दोघांत चालू झाली. स्टिअरिंग, ब्रेक आणि क्लच माझ्याकडे, गिअर तिच्याकडे. "दाबा" म्हटलं की मी दाबायचं, तिने टाकायचा, "सोडा" म्हटलं की सोडायचं. मनोरच्या बाजारातले लोक थांबून बघायचे. हायवेवर पोलिसाने एकदा अडवलं आणि ही गाडी नक्की कोण चालवतंय असं विचारलं, तेव्हा आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत गिअर कधीही करकरला नाही.

पण गेल्या महिन्यात एका रविवारी तिने हात दांड्यावर ठेवला नाही. मांडीवर दोन्ही हात घेऊन बसली. "टाका तुमीच, आता येतंय तुमाला," म्हणाली. मी टाकले. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे पडले, जराही आवाज नाही. ओढाही पार केला. एरवी मी असा ओढा पार केला असता तर घरी जाऊन बायकोला रंगवून सांगितलं असतं. मावशी बाहेर पाहत होती. ना शाबासकी, ना शिवी. मी हळूच तिच्याकडे पाहिलं, तर ती मला एकदम फार लहान दिसली, सीटच्या कडेला बसलेली, कुणाच्या तरी गाडीतून चाललेली. मला तसं पाहवलं नाही.

पुढे उभा चढ आला. दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं होतं. मी क्लच अर्धाच दाबला आणि दांडा रेटला. जीप अशी किंचाळली की झाडावरचे बगळे उडाले. मावशी झटकन वळली.

"जावई, पेडल तळाला टेकलं व्हतं?"

"टेकलं होतं की," मी म्हणालो.

"नक्की?"

"अगदी तळाला."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पदर खोचला, पुढे सरकून बसली आणि हात दांड्यावर ठेवला. "मंग प्लेट चिकटत असंल," म्हणाली. "न्हायतर आत चिखल गेला असंल ओढ्याचा. थांबवा गाडी. आता परत दाबा. हळू. अजून दाबा, अजून..." आणि कलमं येईपर्यंत मावशी बोलत राहिली आणि मी प्रत्येक गिअर तिला विचारून टाकला.