सुदानच्या बैलाला आवतन

माझा धाकटा भाऊ भागवत युनोच्या शांतिसेनेतून वर्षभर दक्षिण सुदानला राहून आला, आणि आला तो तोंड लपवीत!

दोष आमच्या दादांचा. दादा म्हणजे आमचे वडील, सटवाजी. सेलूच्या मोंढ्यापासून गावच्या पारापर्यंत सांगत सुटले, "पोरगं युनोच्या लढाईत हाय. निळी टोपी घालून देशाचं नाव राखायलंय." कसली लढाई! भागवत फौजेत जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली. तिथल्या लोकांच्या गाई तपासायच्या, सुया टोचायच्या, गोचिडाचं औषध मारायचं. देशानं त्याला धाडलंच होतं त्यासाठी. पण दादांना सांगणार कोण?

पोळ्याला वेशीत त्याचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी, खांदमळणीच्या दुपारी, हा बॅग भरायला बसला.

"राजेश्रीअक्का, मी जातो. मी एक गोळी झाडली न्हाई. सगळ्यांपुढं दादांचं हसं व्हईल."

"गप बैस, येड्या! मोबाईल दाव."

फोटोत निळी टोपी घातलेला भागवत, हातात वाटी, समोर हात-हात लांब शिंगांचा पांढरा बैल. मागच्या पोळ्याला याला घरची लय आठवण आली, म्हणून दादांनी दिलेली हळद मेसच्या तुपात कालवून यानं बैलाचा खांदा मळला. तिकडं बैलाला जू लावतच नाहीत. मालकाला वाटलं, नवीन औषध आलं! घटकाभरात वीसेक माणसं गुरं घेऊन रांगेत उभी. मी हसून हसून रडले.

मग उठले, गोठ्यात खांदे मळत बसलेल्या दादांपुढं मोबाईल धरला आणि सगळं सांगून टाकलं. भागवत दारात, अर्धी भरलेली बॅग हातात.

"लढला न्हाईस?"

"न्हाई, दादा."

दादा फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "खांदा मळला. आवतन दिलंस का?"

आमच्याकडं खांदा मळताना बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

"दिलं की."

"मग दुसऱ्या दिवशी जेवू घातलंस?"

भागवतनं मान खाली घातली. "सकाळी मालक गुरं घेऊन पुढं निघून गेला."

"अरं मर्दा!" दादा कडाडले. "डोक्यावर देशाची टोपी व्हती. ते आवतन तुझ्या एकट्याचं व्हतं का? नाव काय त्या बैलाचं?"

"माब्योर."

दुसऱ्या दिवशी वेशीत आमच्या दोन बैलांपुढं, पवळ्या आणि त्याच्या जोडीदारापुढं, पुरणपोळीची तीन ताटं. बन्सीधर सरपंचांनी विचारलं, "सटवाजी, तिसरं कुणाचं?"

"सुदानच्या माबोऱ्याचं," दादा भर वेशीत म्हणाले. "माझा लेक लढाईला न्हवता. आजारी गुरं बरी करायला गेल्ता. तिथं त्यानं आपल्या देशाकडनं आवतन दिलं, आन् बैल वरीसभर उपाशी हाय."

कुणी हसलं नाही. खोटं कशाला सांगू, माझा तर हुंदका फुटला. दादांनी भागवतच्या डोक्यावर निळी टोपी नीट बसवली आणि ताट त्याच्या हातात दिलं.

"घाल आपल्या पवळ्याला. त्याच्याकडनं पोचंल."

सत्काराचं भाषण राहूनच गेलं. भागवतनं घास पवळ्याच्या तोंडाशी नेला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "माबोऱ्या, लय उशीर झाला रं. जेव."