तीनावरची सुई

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जानिश जनावरांच्या डॉक्टरच्या मोटरसायकलसमोर उकिडवा बसला होता. इंजिन वीस मिनिटं चालू होतं, तेल तापून पातळ झालं होतं, आणि तेलाचा दाब मोजायच्या गेजची सुई पावणेचारावर होती. ती तीनावर असायला हवी होती.

मागच्याच महिन्यात त्याने या गाडीची झडप लावली होती. तेलाचा दाब फार वाढला की उघडून जादा तेल परत सोडते ती. तिच्या स्प्रिंगमागे पातळ वॉशर घातला की दाब चढतो, काढला की उतरतो. त्याने इंजिन बंद करून झडप उघडली. तेव्हाचेच दोन वॉशर होते. जुनं इंजिन महिनाभर डोंगर चढल्यावर दाब कमी दाखवेल. जास्त कुठून दाखवणार?

जानिश अठ्ठावन्न वर्षांचा. सामुदायिक शेतीच्या गॅरेजमध्ये त्याची सोळा वर्षं गेली. गॅरेज मोडलं तेव्हा लोकांनी पत्रे, टायर नेले. याने गेज आणलं. झडप तपासली की तिच्या नटावर तो लाल रंगाचा ठिपका लावतो. कोचकोर गावात त्या ठिपक्याशिवाय जुनी मोटरसायकल विकली जात नाही.

गेज घेऊन तो शेजारच्या केनेशच्या टायरच्या दुकानात गेला.

"काय दादा, रोज माझ्या चिनी गेजला हसता, आज त्याच्याच दारात?"

"टायरात हवा भर. तीनपर्यंत."

केनेशच्या दोन्ही गेजवर तीन आले. जानिशच्या गेजवर पावणेचार. पुन्हा भरली, पुन्हा तेच. केनेश हसायचा थांबला.

काच काढल्यावर सगळं दिसलं. सुई उपटून पुढे सरकवून बसवली होती. दाब नसताना सुई शून्याजवळच्या बारीक खिळ्यावर ताणून टेकलेली असते; सरकवूनही ती तिथेच टेकत होती, म्हणून नुसतं पाहणाऱ्याला गेज ठीक वाटावं.

गेज घराबाहेर एकदाच गेलं होतं. रविवारी लेक बेगाइमच्या सासऱ्याने, व्याही ओरोझबायने ट्रॅक्टरसाठी मागून नेलं, सोमवारी परत आलं. व्याह्याला नाही म्हणत नाहीत. त्याच्याकडून परत आलेली वस्तू तपासून घेणं तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. जानिशने गेज होतं तसं खिळ्याला अडकवलं. मंगळवारी त्याच गेजवर ओरोझबायच्या तीन मोटरसायकली मोजल्या, सुई तीनावर दिसली आणि तिन्हींवर लाल ठिपका लावला. पर्यटकांना तळ्यावर नेणारी जिपार उद्या त्या विकत घेऊन थेट कलमाक-अशूची खिंड चढणार होती. खरा दाब सव्वादोन. चढावर बेअरिंग जळून इंजिन जाम झालं असतं, आणि नटावर ठिपका जानिशचा.

जानिश तसाच ओरोझबायच्या घरी गेला. ओरोझबायने त्याला मानाच्या जागी बसवलं, चहा ओतला.

"घ्या, व्याही."

"घेतो. सुई का फिरवलीत?"

ओरोझबायने पावाचा तुकडा मोडून त्याच्यापुढे ठेवला. "गेजचं वय झालं असेल."

"मग त्याच्या स्क्रूवर ताजे ओरखडे कसे?"

"तुम्ही माणसांनाही इंजिनासारखं तापवून बघता बुवा." तो हसला, मग हसू आवरलं. "तिन्ही गाड्यांची बेअरिंगं झिजलीत. खरं दिसलं असतं तर रंग लावला असतात?"

"नाही."

"मी व्याही म्हणून हात जोडले असते तर?"

"तरी नाही."

"मग? मला वाटलं होतं तुम्ही उघडून बघाल. बेगाइमच म्हणाली, मी नेऊन देते, माझ्या हातून आलं तर बाबा बघणार नाहीत."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. बेगाइम बाहेर आली नाही. सोमवारी ती आली होती, गेज स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं, सोबत गरम बोरसोकांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची थाळी. जानिशने उभ्या उभ्या सहा बोरसोक खाल्ले होते.

"घरातलं घरात राहू द्या," ओरोझबाय म्हणाला. "तुमच्या लेकीला इथेच नांदायचंय."

जानिशने चहा संपवला, आणखी नको म्हणून वाटी उपडी ठेवली. अंगणात जाऊन पात्याने तिन्ही नटांवरचा रंग खरवडला.

"व्याही, लोक काय म्हणतील?" ओरोझबाय दारातून म्हणाला.

"विचारतील. मी सांगेन."

फाटकाबाहेरून त्याने जिपारला फोन लावला.

"त्या गाड्या तशा नेऊ नको. माझं गेज खोटं दाखवत होतं."

"तुमचं? कोणी केलं?"

"माझ्याच घरातून झालं."

"मग सकाळी माझ्यासमोर मोजा. गाड्या मी आणवते. कमी निघाल्या तर घेत नाही."

"निघतील कमी."

उद्या शुक्रवार. सकाळी सात वाजता केनेशच्या दुकानापुढे तिन्ही इंजिनं एकामागून एक तापायला लागतील आणि मोजणी केनेशच्या चिनी गेजवर होईल. एका गाडीला वीस मिनिटं धरली तर आठ वाजता तिसरीचा आकडा कळेल.