उजवी खुर्ची

दोब्रिच शहराजवळ पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांच्या छोट्या तळावर एक जुना रिवाज होता. इंजिनाच्या वहीवर ज्याची सही, त्यानं हंगामाच्या पहिल्या उड्डाणाला वैमानिकाच्या उजवीकडे बसायचं. मेकॅनिक त्सोन्काबाई सव्वीस वर्षं सही करत होत्या आणि दर वर्षी त्या खुर्चीत ओकत होत्या. पण बसायच्या.

त्या वसंतात गव्हावर तांबेरा पडला. वहीत इंजिनाचे ७८१ तास होते. आठशे झाले की ते उतरवून दुरुस्तीला कारखान्यात पाठवायचं, असा नियम. एकोणीस तासांत फवारणी सहज उरकली असती. पण बाईंना गोदामात मागच्या हंगामात औषधाची टाकी भरल्याच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्यांना लेल्या, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या वैमानिक वेलिचकोला त्यांनी गाठलं.

"टाकी भरताना इंजिन बंद करतोस का रे?"

"बंद केलं की परत सुरू व्हायला रुसतं, लेल्या. जमिनीवरचा वेळ कोण मोजतं?"

"इंजिन मोजतं, गाढवा!"

चिठ्ठ्या तीनशे नव्वद, दर वेळी चार मिनिटं. म्हणजे सव्वीस तास. बाईंनी वहीत लाल शाईनं ८०७ लिहिलं.

मुख्य अधिकारी बोयानोव तणतणत आले. "गहू हातचा चाललाय! तीन गावं माझ्या दारात बसलीत!"

बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या भावाचं शेतही त्यातच होतं, आणि त्यांचा जीव तुटत होता.

"माझी सही मिळणार नाही, साहेब."

"मग मीच करतो!" बोयानोवनी पेन काढलं.

"करा की."

वेलिचको विमानात चढला. उजव्या खुर्चीवरचे हातमोजे आणि चीज भरलेल्या बानित्सा पेस्ट्रीचा पुडा उचलून त्यानं बाहीनं खुर्ची पुसली. "या साहेब, बसून बघा. उद्या सकाळी सहाला निघू."

बोयानोवनी खुर्चीकडे पाहिलं, इंजिनाच्या पंख्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मग शेजारच्या जिल्ह्याकडून विमान मागवायला फोन उचलला. ते चार दिवसांनी आलं. भावाचा निम्मा गहू गेला आणि तो महिनाभर बहिणीशी बोलला नाही.

अकरा दिवसांनी दुसरं इंजिन बसलं. बाईंनी सही केली, डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि शिडीवर पाय ठेवला.

वेलिचको हळूच म्हणाला, "यंदा राहू दे, लेल्या. मी कुणाला सांगणार नाही."

"सही माझी आहे ना? मग सरक. आणि ती कागदी पिशवी दे इकडे."