बारदान वजा जाता

११ ऑक्टोबर १९७२, सकाळचे सात. सहकारी सोसायटीच्या गोदामाचे कुलूप काढायला मी गेलो, तेव्हा थोरला भाऊ आधीच दारात येऊन उभा होता. मी तिथे धान्य तोलायच्या नोकरीला होतो. आत पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काठ्या उतरल्या होत्या आणि त्यांत ज्वारीची धूळ तरंगत होती. तो दिवस आजही तसाच आठवतो. सगळे सावकाश हालते आहे, आवाज दुरून येतो आहे.

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याकडे निघणार होती. भावाला जायचे होते. त्याच्यात तेवढी ताकद उरली नाही, असे माझे मत होते. काट्यावर ठरवू, असे त्यानेच आदल्या दिवशी म्हटले होते. मागोमाग टोळीचा मुकादमही आला.

भाऊ वजनकाट्यावर चढला. पोळ्याला याच काट्यावर उभा राहिला होता, त्यापेक्षा चार किलो जास्त भरला.

“बघ बे,” तो म्हणाला. “आता बोल.”

मुकादम हसला. “आख्खा तालुका वाळला अन् तुमी फुगायलाव. सोसायटीची साखर कुठं जाती ते आज कळलं.”

मी हसलो नाही. काटा खरा होता. पण रिकाम्या गोणीचे, म्हणजे बारदानाचे, वजन वजा केल्याशिवाय मी धान्याचे वजन कधी धरले नव्हते. भावाच्या दंडावर सदऱ्याची बाही सैल लोंबत होती. पावलांत मात्र वहाणेचा पट्टा रुतला होता. मी वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तिघेही त्याकडे पाहत राहिलो. तो फार हळू भरला.

दुष्काळी कामावरच्या दवाखान्यात त्याला सायकलवर बसवून नेले. वाटेत कोरड्या तलावाचा तळ उन्हात चकाकत होता, भरल्यासारखा. डॉक्टरांनी छाती ऐकली, लघवी तपासली, दंडाला टेप लावली, दंडामागची कातडी चिमटीत धरून पाहिली.

“चरबी संपली आहे,” ते म्हणाले. “एरवी वजनातून चरबी वजा केली, की उरतं ते हाड, मांस आणि पाणी. त्यावरून अंगातल्या मांसाचा अंदाज येतो. इथं तोही फसेल. मांस झिजलंय आणि पाणी वाढलंय. डाळ-दूध पोटात नसलं की असं होतं. हे तोडीला गेले तर परत येतील, असं मी म्हणणार नाही.”

भावाने पायांकडे पाहिले. “गावच्या हिरीत थेंब न्हाई, डागदरसाहेब. अन् माज्या पायात पानी हाय म्हनता.”

परतताना सायकलवर मागून तो एवढेच म्हणाला, “मुकादमाला तूच सांग. मला सांगवनार न्हाई.”

मी सांगितले. मुकादम दुसरा गडी शोधायला गेला.

संध्याकाळी मी सोसायटीतून तूरडाळ नेली. वहिनींनी ती घट्ट शिजवली. भाऊ भिंतीकडे तोंड करून जेवला आणि बाजेवर आडवा झाला. त्याचे पाय उंच राहावेत म्हणून मी परसातून दोन विटा आणल्या आणि बाजेच्या पायथ्याखाली सरकवल्या.