बापूसाहेबांच्या मोटारीतला रेडिओ

जुन्या मोटारीत एक नवी तार टाकायला जा, आतून चार जुन्या तारा बाहेर येतात. किश्शांचंही असंच असतं बघा! परवा कुणीतरी मोटारीतल्या गाण्यांचा विषय काढला, मला आमच्या सौंसरचा नामदेव मिस्त्री आठवला आणि मग बाकीचं आपोआप निघत गेलं.

नामदेवचं टिनाचं गॅरेज बसस्टँडच्या मागे होतं. मी शाळेत गणित शिकवायचो आणि शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचो. गॅरेजात यायच्या सायकली आणि विहिरींवरची इंजिनं. मोटार एकच, बोरगावच्या बापूसाहेबांची. संत्र्यांचे बगीचे होते त्यांचे. मोटार इंग्रजांच्या काळातली, हँडल मारल्याशिवाय न उठणारी. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी तिचा तोरा तोच! एक दिवस बापूसाहेबांनी नागपूरहून मोटारीत बसवायचा रेडिओ आणला. असला रेडिओ नामदेवने जन्मात पाहिला नव्हता. तरी म्हणाला, "आना इकडे. रेडिओच हाय ना, वाघ थोडीच हाय!"

* * *

पहिल्याच दिवशी फट्ट! फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. नामदेवने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली, तर तिचा धूर निघाला.

रेडिओसोबत इंग्रजी पुस्तिका होती, ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांनी उलगडा झाला. बॅटरीचं वजा टोक मोटारीच्या अंगाला जोडलेलं असतं अशी नामदेवची समजूत. या मोटारीत नेमकं अधिक टोक जोडलेलं होतं! त्याने तारा उलट्या लावल्या होत्या.

मी त्याला हे समजावलं. तो म्हणाला, "मास्तर, इंग्रज गेले, पन जाता जाता अधिक-वजाचा घोळ करून गेले!"

* * *

घरच्या रेडिओची एक तार ओल्या मातीत पुरायची पद्धत होती. असे रेडिओ नामदेवने पुष्कळ बसवले होते. आता मोटार तर चालणारी, तिला माती कुठून आणायची? त्याने मागच्या सीटपाशी मातीची कुंडी ठेवली आणि तार तिच्यात पुरली. कुंडीला रोज पाणी घालायचं काम ड्रायव्हर शंकरकडे.

पुस्तिकेचं पुढचं पान वाचायला मला महिना लागला. मोटारीत माती लागत नाही, मोटारीचं लोखंडी अंगच ते काम करतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही कुंडी काढायला गेलो तर बापूसाहेबांच्या पत्नी यमुनाबाई आडव्या आल्या.

"हात नका लावू! त्यात मी सांबार लावला हाय."

खरंच, कोथिंबीर वीतभर वर आली होती!

* * *

रेडिओची वीज नामदेवने हॉर्नच्या तारेवरून घेतली होती. हॉर्न दाबला की रेडिओ मुका. बापूसाहेबांनी हुकूम सोडला, बातम्या चालू असताना हॉर्न वाजवायचा नाही. पांढुर्ण्याच्या बाजारातून मोटार निघाली की शंकर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडायचा, "हटा, हटा! बापूसाहेब बातम्या ऐकून राहिले!"

* * *

इंजिन सुरू असलं की रेडिओत नुसता तडतडाट. मग बापूसाहेबांनी युक्ती काढली. मोहगावच्या रस्त्यावर उतार आला की इंजिन बंद, आणि गाणं ऐकत मोटार घरंगळत खाली. एकदा ती तशीच जाऊन कापसाच्या बंडीत घुसली. लागलं कुणालाच नाही, कापूसच तो!

बंडीवाला चिडला. "बापूसाहेब, मोटारीले ब्रेक नाही काय?"

"ब्रेक हाय ना! पन तो करकरते, अन् गानं संपाले आलं होतं!"

* * *

आता शेवटचा किस्सा. राज्यांची नव्याने वाटणी झाली त्या वर्षीचा. तोवर आमचा सगळा कारभार नागपूरशी. आता नागपूर एका राज्यात आणि आम्ही दुसऱ्या राज्यात जाणार होतो. छापून सगळं आलं होतं, पण लोकांना आपल्या कानांनी ऐकायचं होतं. आणि रेडिओ खंडेनवमीपासून बंद!

बापूसाहेब वैतागले. "नामदेव, नव्या राज्याच्या दिवशी संध्याकाळच्या बातम्या ऐकू नाही आल्या, तर मोटार नागपूरच्या मिस्त्रीकडे. कायमची!"

नामदेवची झोप उडाली. ही मोटार गेली की उरणार फक्त पंक्चर. माझाही जीव त्याच्यासाठी तुटायचा. त्याने तारा बदलल्या, फ्यूज बदलले, एरियल बदललं. रेडिओ ढिम्म!

तो दिवस आला. बोरगावला बापूसाहेबांच्या अंगणात सारं गाव जमलं. बातम्यांना पाच मिनिटं होती. नामदेवने बॉनेट उघडलं आणि एकदम कपाळावर हात मारला.

कोथिंबीर खुडून संपल्यावर कुंडी एकदाची निघाली होती आणि तिची तार बॉनेटमध्ये एका बोल्टने मोटारीच्या अंगाला जोडली होती. खंडेनवमीला बापूसाहेबांकडे हत्यारांच्या पूजेत नामदेवने तो बोल्टही काढून ताटात ठेवला आणि यमुनाबाईंना कौतुकाने सांगितलं, "बाई, रेडिओचा जीव यातच हाय." त्यांनी त्याच्यावर सगळ्यात जास्त तेल-शेंदूर लावला. नामदेवने नमस्कार करून तो तसाच परत बसवला. आता शेंदूर वाळून तारेला लोखंडाशी भेटूच देत नव्हता!

नामदेवने बोल्ट काढून कानस उचलली. यमुनाबाई कडाडल्या, "नामदेव! देवाच्या शेंदराले कानस लावतं?"

वाद घालायला वेळ नव्हता. त्याने बोल्ट खिशात टाकला, बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला आणि तार आपल्या हाताने कोऱ्या लोखंडावर दाबून धरली. अर्ध्या मिनिटाने रेडिओ गरम झाला. घरघरला. आणि बोलायला लागला!

सारं अंगण मोटारीभोवती सरकलं. बातम्या संपेपर्यंत नामदेव तसाच वाकलेला. तार सोडली नाही. बातम्या संपल्या. काहींचे डोळे भरले होते, माझेही.

नामदेव घामाघूम होऊन बाहेर आला. बॉनेटच्या आत त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

"काय सांगतलं, बापूसाहेब? कुठं गेलो आपन?"

बापूसाहेबांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या हातात दिला.

"कुठंच नाही गेलो, नामदेव. आपन इथंच हावो. अन् माही मोटारबी इथंच राहीन."