पत्र्यावरची पाखरं आणि परदेशी गिऱ्हाईक

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची पुस्तकं मामानं घेऊन दिली. मामा अकोल्याच्या जठारपेठेत पाट्या रंगवायचा. मी पहिलं वर्ष पास झाले तेव्हा त्यानं सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं, "आता आपल्या घरातल्या एकाबी कागदावर इनं वाचल्याबिगर सही करायची नाही." तेव्हापासून घरकुलाचा फॉर्म, विम्याचे कागद, दवाखान्याचं कार्ड, सगळं माझ्याकडे यायचं. अमरावतीत एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली तरी ते थांबलं नाही, फक्त कागदांऐवजी कागदांचे फोटो येऊ लागले. मी ओळ न् ओळ वाचायची, बारीक अक्षरातली आधी. कोणाला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. मामाला सांगितलं.

फ्लेक्स आले तसं मामाचं काम आटलं. गाळा मात्र त्यानं ठेवला होता. नंबरप्लेटा, ट्रकच्या मागची अक्षरं, जयंतीच्या आधी कमानी, एवढ्यावर भागायचं. मधल्या रिकाम्या वेळात तो उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यांवर पाखरं काढायचा. जंगलातल्या सेमाडोहला एकदा पाट्या रंगवायला महिनाभर जाऊन राहिला होता, तेव्हापासून हा नाद. काढलेल्या चित्रांचे फोटो फोनवरच्या एका ॲपवर टाकायचा. पाहणारे आम्हीच, घरचे आठ-दहा जण.

एका रविवारी त्याचा फोन आला. "बाई, माह्यं चित्र फॉरेनले चाललं."

कोण्या परदेशी माणसानं त्या ॲपवर त्याला इंग्रजीत लिहिलं होतं, की तुमच्या रेषांत जंगल श्वास घेतं. मला तुमची तीन चित्रं हवीत, पण एनएफटी करून. सोबत एका वेबसाइटची लिंक होती. चित्रं तिथंच चढवा, मी तिथूनच घेतो.

एनएफटी म्हणजे काय ते मी आधी स्वतः वाचलं आणि मग फोनवर समजावलं. चित्र पत्र्यावरच राहतं, विकला जातो तो त्याच्या मालकीचा डिजिटल दाखला.

मामी मागून म्हणाली, "म्हंजे सातबारा विकला अन् वावर आपल्याच घरी? असा येडा गिऱ्हाईक कुठी भेटते?"

"तू चूप वो," मामा म्हणाला. "तिले वाचू दे."

मी वाचलं. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. परताव्याचं कलम, वादाचं कलम, कलाकाराच्या हक्काचं कलम, आणि इंग्रजी इतकं साफ, की आमच्याकडे येणाऱ्या परिपत्रकांनी शिकावं. मी मामाला कळवलं, "कागद पक्का हाये."

मामानं नीलपंख, धनेश आणि रानपिंगळा अशी तीन पाखरं चढवली. नोंदणीची फी मागितली, ती भरली. दुसऱ्याच दिवशी तिन्ही चित्रं विकली गेली. पडद्यावर त्याच्या नावापुढं जो आकडा आला, तेवढा पैसा त्यानं ब्रशवर उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो पैसा काढायला गेला, तर साइटवाले आधी टॅक्स भरा म्हणाले. साठ हजार.

"मंग आता?" मी फोनवर विचारलं.

"मंग काय, गाळा सोडून राहिलो. मालक शनिवारी डिपॉझिट आनून देते, त्यातून टॅक्स भरतो. फ्लेक्सच्या जमान्यात गाळ्याचं करतो काय? घरूनच चित्र काढीन."

मी ऑफिसात पगारबिलं करते. टॅक्स पगारातून कापतात. आधी टॅक्स आणून दे, मग पगार देतो, असं मी आजवर एकाही शिपायाला सांगितलेलं नाही.

या वेळी मी मजकूर वाचला नाही, मजकुराच्या बाहेरचं पाहिलं. कोणती वेबसाइट कधी नोंदवली ते कोणालाही पाहता येतं. ही साइट दहा वर्षांपासून कलाकारांच्या सेवेत असल्याचं पहिल्याच पानावर लिहिलं होतं, आणि तिचा जन्म पाच आठवड्यांपूर्वीचा होता. ज्या अटी-शर्तींवर मी भाळले त्या एका खऱ्या बाजाराच्या साइटवरून जशाच्या तशा उचललेल्या, फक्त नाव बदललेलं. एनएफटीची विक्री झाली की ती एका उघड्या नोंदवहीत चढते, जगात कोणीही पाहावी. तिथं मामाची पाखरं नव्हतीच. शेवटी ते जंगलाचं वाक्य मी शोधून पाहिलं. दोन-तीन चित्रकारांनी ते कौतुक म्हणून आपापल्या पानावर मिरवलं होतं. त्यातली एक बाई फक्त समुद्र रंगवायची. तिच्याही रेषांत जंगलच श्वास घेत होतं.

कागदावर लबाड माणूस कुठंतरी भाषेत अडखळतो, म्हणून वाचणाऱ्याला तो सापडतो. इथं भाषाच चोरीची होती, म्हणून बिनचूक होती. अनोळखी माणसानं पाठवलेल्या लिंकवरून मी आत शिरले आणि आतल्या भिंतींचा रंग पाहत बसले. दार कोणी उघडलं, हे पाहिलंच नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. मामा गाळ्यात डबे-ब्रश पोत्यात भरत होता.

"मामा, थे साइट खोटी हाये."

"तूच म्हनली ना पक्की हाये म्हनून?"

"म्हनली होती. चुकली मी."

तो थांबला. माझ्या तोंडून हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. "काहून चुकली? तू त सारं वाचलं."

"वाचलं. पन कोनं लिहिलं अन् कधी, हे पाह्यलं नाही."

मी साइटची तारीख दाखवली. त्यानं पाहिली नाही. "तारखा-फारखा मले नोको सांगू. थो गिऱ्हाईक रोज बोलते माह्याशी, ॲपच मराठी करून देते. सर म्हनते मले."

मामाला उभ्या जठारपेठेत 'ए पेंटर' अशी हाक होती.

मग म्हटलं, त्या गिऱ्हाइकालाच लिहून पाहू, टॅक्स विक्रीच्या पैशातूनच कापून घ्या. मी लिहिलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं, नियमात बसत नाही, आज शेवटचा दिवस आहे, नाही तर खातं गोठवलं जाईल.

"नियम असन बाप्पा," मामा म्हणाला. पण आवाज उतरला होता. मग म्हणाला, "थांब. आता माह्यं इचार. पिंगळ्याच्या पंज्यात काय हाये?"

पंजात सरडा होता. अर्धा खाल्लेला, शेपूट लोंबणारा. त्या सरड्यावर मामानं आठ दिवस घालवले होते, आणि फोटोत तो स्वच्छ दिसत होता. मी विचारलं. उत्तर आलं, 'सगळंच अप्रतिम आहे सर, टॅक्स कधी भरताय?'

"पुन्हा इचार."

'सुंदर फूल आहे, सर.'

मामानं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्टुलावर पालथा ठेवला. "यानं पाह्यलंच नाही," तो म्हणाला. मग पोत्यातला एक डबा परत बाहेर काढत, "तीनमंधलं एकबी नाही."

समुद्रवाल्या बाईचं मी त्याला सांगितलं नाही.

चार वाजता गाळ्याचा मालक आला, पैसे पिशवीत घेऊन. मामानं त्याला बसवलं आणि गाळा सोडत नाही म्हणून सांगितलं. मालक भडकला. "मी त त्या मोबाइल कव्हरवाल्याले शब्द देऊन बसलो. आता काय झालं?"

मामानं सगळं सांगितलं, काही न झाकता.

"म्हंजे फसले?"

"अर्धा फसलो. अर्धा राहिलो होतो."

"कोनाले सांगू नका बाप्पा. लोक हासतीन."

"हासू द्या. गाळा राहू द्या."

"अन् कव्हरवाल्याले मी काय सांगू?"

"हेच सांगा. त्याच्या फोनवरबी कोनी ना कोनी सर म्हनतच असन."

मालक पुटपुटत राहिला, पण पिशवी परत घेऊन गेला. भाडं मात्र पुढच्या महिन्यापासून दोनशेनं वाढवलं. मामानं ते निमूट कबूल केलं.

मग आम्ही सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार भरायला बसलो. भरलेली फी आजपर्यंत परत आलेली नाही, पण तक्रार करायची हे ठरलं होतं. फसवणूक कशी झाली, या रकान्यात मी लिहिलं, 'भाचीनं साइट वाचून खरी आहे असं सांगितलं, म्हणून फी भरली.'

मामानं वाचायला लावलं. ऐकून म्हणाला, "हे काहून लिहून राहिली? तुह्यं नाव कायले पाह्यजे पोलिसात?"

"खरं हाये म्हनून."

"मंग माह्यंबी लिही. मले सर म्हटलं, म्हनून भरली."

रकाना लहान होता. मी पहिलं वाक्य थोडं छाटलं आणि दोन्ही बसवली.